काठावर बसलेली मुलं खेळात कशी आणायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेत मुलं शेकड्यांनी आहेत, पण मैदानावर कायम तीच पंचवीस-तीस दिसतात. संध्याकाळी वस्तीतल्या क्लबातही पुन्हा तीच. मैदान एकच, क्रीडाशिक्षक दोघे, पैसा बेताचा. उरलेली मुलं-मुली खेळायला लागावीत, तर सुरुवात कुठून करायची, आणि प्रगती मोजायची कशी?

शाळेत खेळ शिकवण्यात आणि वस्तीच्या मैदानावर मुलांना खेळवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्या आधारावर सांगते: नवं मैदान, नवं साहित्य, नवी स्पर्धा यांतलं काहीही आधी आणू नका. आज तुमच्याकडे जो खेळाचा तास आहे, त्यात प्रत्येक मुलाच्या वाट्याला खरोखर किती मिनिटं खेळ येतो ते आधी मोजा. ज्यांच्या वाट्याला तो येत नाही ती मुलं कोणत्या वळणावर गळली, ते मग शोधा. बहुतेक मुलं खेळाला कंटाळून गेलेली नसतात. निवड, रांगा, कपडे, वेळ, हसणारी तोंडं यांनी त्यांना बाहेर ठेवलेलं असतं, आणि यातलं बरंचसं बदलणं तुमच्या-माझ्या हातात असतं.

हा प्रश्न एकट्या तुमच्या शाळेचा नाही. ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१९ साली १४६ देशांतली आकडेवारी एकत्र करून जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं एवढीही हालचाल करत नव्हती. मुलग्यांमध्ये हे प्रमाण ७८ टक्के आणि मुलींमध्ये ८५ टक्के होतं. श्रीमंत देशही याला अपवाद नव्हते. म्हणजे मैदानं आणि पैसा असला की मुलं आपोआप खेळू लागतात, असं नाही.

आता तासाचा हिशेब करू. ४० मुलांचा वर्ग आणि ४० मिनिटांचा तास. मैदानावर येणं, हजेरी, रांगा, सूचना यांत अर्धा वेळ गेला असं धरा. उरली २० मिनिटं. चार चेंडू म्हणून चार रांगा, प्रत्येक रांगेत दहा जण. चेंडू पायाने नेत कोनाला वळसा घालून परत यायला एकाला २० सेकंद लागतात. दहा जणांची फेरी २०० सेकंदांची, म्हणजे २० मिनिटांत प्रत्येकाच्या सहा पाळ्या होतात. सहा गुणिले वीस सेकंद, एकूण दोन मिनिटं. बाकी १८ मिनिटं मूल उभं असतं. ज्याला चेंडू सांभाळता येत नाही त्याच्या या दोन मिनिटांकडे रांगेतले नऊ जण टक लावून बघत असतात, ते वेगळंच. अशा तासाला ‘सगळ्या वर्गाने फुटबॉल खेळला’ अशी नोंद होते.

तोच वर्ग चौघा-चौघांच्या दहा गटांत विभागला तर फेरी ८० सेकंदांची होते आणि प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात. रांगा मोडून तीन विरुद्ध तीन असे छोटे सामने लावले, तर कुणीच उभं राहत नाही. मैदान तेच, शिक्षक तेच. अडतं ते चेंडूंवाचून. म्हणून पहिला पैसा चेंडूंवर घाला. ते नामांकित कंपनीचे नसले तरी चालतील. रबरी, हलके, थोडे मऊ, वेगवेगळ्या आकारांचे चालतील. लहान मुलांच्या हातात मऊ चेंडू उलट बरा, कारण तो लागत नाही आणि फार लांब पळत नाही. चेंडू अगदीच नसतील त्या दिवशी पकडापकडी आणि साखळी खेळवा. साखळीत पहिल्या मिनिटापासून सगळेच पळत असतात.

बाद करणारे खेळ मात्र जपून वापरा. ज्या मुलीला पळण्याचा सराव सर्वांत जास्त हवा तीच पहिली बाद होते आणि उरलेला वेळ बसून काढते. नियम थोडा फिरवा: बाद झालेला भिडू दुसऱ्या संघात जाईल, किंवा मैदानाला एक चक्कर मारून परत आत येईल. मुलं आपली आपण खेळतात तेव्हा धाकट्या भावंडाला कच्चा लिंबू म्हणून खेळात ठेवतातच. म्हणजे खेळ चालू राहावा म्हणून नियम वाकवायचा असतो, हे त्यांना आपल्याआधी ठाऊक असतं.

आणखी एक सवय आजच बंद करता येईल. दोन कर्णधार पुढे उभे करून त्यांना आळीपाळीने भिडू निवडायला सांगू नका. शेवटी उरलेल्या दोघांचे चेहरे एकदा नीट पाहा. एक जण बुटाची नाडी बांधायला वाकतो, दुसरी आपल्याला निवडलं काय, नाही निवडलं काय, असं दाखवत दुसरीकडे बघते. ‘बरं, तो तुमच्याकडे घ्या’ हे वाक्य सगळ्या वर्गासमोर ऐकावं लागलेलं मूल पुढच्या आठवड्यात पोट दुखतंय असं सांगतं. संघ तुम्ही आधी कागदावर पाडून आणा, आणि दर आठवड्याला बदला.

खेळाचं माप बदलणं हाही तुमच्या हातातला उपाय आहे. बास्केटबॉलची रिंग ३.०५ मीटरवर असते. मिनी बास्केटबॉलमध्ये ती २.६० मीटरवर आणतात, कारण नऊ वर्षांच्या मुलाचा चेंडू मोठ्या रिंगेपर्यंत पोचतच नाही आणि तो टाकायचाच सोडून देतो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने तर २०१२पासून १० वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरायला मनाई केली. त्याऐवजी लाल, नारिंगी आणि हिरवा असे हळू जाणारे चेंडू आणि छोटी कोर्ट वापरायची. टेनिससारख्या परंपरेला चिकटून राहणाऱ्या खेळाने स्वतःचा चेंडू बदलला, तर आपण व्हॉलीबॉलची जाळी खाली घ्यायला कचरू नये. मूल खेळाला पुरत नसेल तर खेळ मुलाच्या मापाचा करा.

हिशेब झाला की हजेरीवही उघडा. प्रत्येक नावापुढे एवढंच लिहा: गेल्या महिन्यात हे मूल घाम येईपर्यंत खेळलं का? काही नावांपाशी तुमची लेखणी थांबेल. ते मूल मैदानावर काय करतं हे तुम्हाला आठवणारच नाही. ती नावं वेगळ्या कागदावर उतरवा. तुम्हाला ज्यांच्यापर्यंत पोचायचं आहे, ती मुलं हीच.

त्यांना ‘खेळ आवडतो का?’ असं विचारू नका. ‘नाही’ म्हटलं की विषय संपतो, म्हणून मुलं तेच उत्तर देतात. त्याऐवजी विचारा, ‘शेवटचं मनापासून कधी खेळलीस? कुणाबरोबर? मग काय झालं?’ हे एकेकट्याशी, चालता चालता, वही हातात न घेता विचारायचं. उत्तरं अशी येतात: धाकट्याला सांभाळावं लागतं. बूट नाहीत. मी पळाले की मागची मुलं हसतात. मागच्या वर्षी संघात घेतलं नाही, मग गेलो नाही. क्लबात ओळखीचं कुणी नाही. अंधार पडतो. यातल्या प्रत्येक उत्तरावर वेगळा उपाय आहे. ‘खेळा, निरोगी राहा’ अशा फलकाने यातलं एकही उत्तर बदलत नाही.

‘मागच्या वर्षी संघात घेतलं नाही’ या उत्तरापाशी जरा थांबते, कारण सर्वांत जास्त मुलं इथेच गळतात आणि ती आपण आपल्या हाताने गाळतो.

अकरा-बारा वर्षांच्या मुलांची निवड चाचणी घेतली की आपल्याला वाटतं, आपण गुणवत्ता निवडली. प्रत्यक्षात बहुतेक वेळा आपण वाढ निवडलेली असते. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते, मुलग्यांची साधारण चौदाव्या. पण हे झालं सरासरीचं. एकाच वर्गात कुणी दोन वर्षं पुढे असतो, कुणी दोन वर्षं मागे. त्यात जन्ममहिन्याची भर पडते. कॅनडात आइस हॉकीचे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. तिथल्या वरच्या दर्जाच्या खेळाडूंमध्ये जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले खूप आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेले फार थोडे, हे १९८५ साली संशोधकांनी दाखवून दिलं. नंतर अनेक देशांत, अनेक खेळांत हेच आढळलं. डिसेंबरात जन्मलेल्या मुलांच्या अंगात खेळ कमी असतो असं थोडंच आहे? ती आपल्याच गटातल्या जानेवारीच्या मुलांपेक्षा अकरा महिन्यांनी लहान असतात, एवढंच. पण निवड झालेल्याला प्रशिक्षक, सामने, बूट, कौतुक मिळतं, आणि न झालेल्याला काहीच मिळत नाही. तीन वर्षांनी दोघांमधला फरक खरा झालेला असतो, आणि मग आपण म्हणतो, ‘बघा, आमची निवड बरोबर होती.’

म्हणून माझं मत ठाम आहे: साधारण तेरा वर्षांपर्यंत शाळेने कुणालाही संघातून वगळू नये. जो येईल तो संघात. मुलं जास्त आली तर संघ दोन करा, तीन करा. बाहेरच्या स्पर्धेला एकच संघ पाठवता येत असेल तर उरलेल्यांसाठी वर्गावर्गांत, गटागटांत साखळी सामने लावा. तारखा आधी ठरलेल्या हव्यात, म्हणजे त्यांनाही ‘आपला सामना आहे’ असं वाटेल. शिवाय सामन्यात प्रत्येकाला निदान अर्धा वेळ खेळवण्याचा नियम करा. अमेरिकेत १९६४ साली सुरू झालेली एवायएसओ ही मुलांची फुटबॉल संघटना हा नियम पहिल्यापासूनचं आपलं तत्त्व म्हणून पाळते. राखीव म्हणून हंगामभर बाकावर बसलेला मुलगा कागदावर संघात असतो. त्याला खेळ मिळालेला नसतो.

तुमचे मुख्याध्यापक विचारतील, असं केलं तर दर्जा घसरणार नाही का? त्यांना नॉर्वेचं उदाहरण द्या. तिथल्या क्रीडा महासंघाने १९८७ साली मुलांच्या खेळासाठी नियम केले आणि २००७ साली मुलांचे खेळातले हक्कही लिहून काढले. मूल ज्या वर्षी ११ वर्षांचं होतं त्याआधी निकालांची क्रमवारी लावायची नाही, आणि १३व्या वर्षाआधी राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. साधारण ५५ लाख वस्तीच्या या देशाने २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं जिंकली. यामागे बर्फ आहे, परंपरा आहे, पैसाही आहे. सगळं श्रेय या नियमांना देणं बरोबर होणार नाही. पण मुलांना उशिरा गाळल्याने पदकं बुडतात हा दावा मात्र या उदाहरणापुढे टिकत नाही. लहानपणी अनेक खेळ खेळून तेरा-चौदाव्या वर्षानंतर हळूहळू एका खेळाकडे वळण्याची वाट कॅनडातले क्रीडा-मानसशास्त्रज्ञ ज्याँ कोते यांनी नीट मांडली आहे. त्या वाटेने गेलेली मुलं पुढे वरच्या पातळीवर पोचतात, आणि जी पोचत नाहीत तीही खेळत राहतात.

मुलींबद्दल आता. ‘मुलींना आवड नसते’ हे वाक्य तुमच्याही शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणत असेल. अमेरिकेत १९७२ साली टायटल नाइन नावाचा कायदा आला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून भेदभाव करता येणार नाही, असं त्याने ठरवलं. त्याआधीच्या वर्षात माध्यमिक शाळांच्या संघांतून खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्या आत होत्या. पुढे त्या तीस लाखांच्या वर गेल्या. आवड एका कायद्याने दहापट वाढत नाही. संघ निघाले, मैदानाच्या वेळा मिळाल्या, प्रशिक्षक मिळाले, म्हणून मुली आल्या. इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाने २०२२ साली युरोपीय अजिंक्यपद जिंकलं, आणि लगेच संघातल्या सर्व २३ खेळाडूंनी पुढचा पंतप्रधान होऊ पाहणाऱ्या दोघा उमेदवारांना खुलं पत्र लिहून एकच मागणी केली: शाळेत प्रत्येक मुलीला फुटबॉल खेळायला मिळू दे. २०२३च्या मार्चमध्ये सरकारने मुलींना शालेय खेळांत समान संधी देण्याचं जाहीर केलं.

तुमच्या शाळेत काय करता येईल? मैदानाच्या वेळापत्रकात मुलींचे तास लिहून ठेवा. ते मुलांचा सामना लांबला म्हणून रद्द होता कामा नयेत. कपड्यांचा आग्रह सोडा: सैल पँट, लांब बाह्या, डोक्यावर रुमाल, ज्यात तिला मोकळं वाटेल ते चालू द्या. फिफाने २०१४ साली आणि बास्केटबॉलच्या जागतिक महासंघाने २०१७ साली डोकं झाकून खेळायला परवानगी दिली. विम्बल्डनने २०२३पासून महिला खेळाडूंना पांढऱ्या स्कर्टखाली गडद रंगाची शॉर्ट घालायची मुभा दिली, ती पाळीच्या काळजीपोटीच. तुमच्या शाळेत मुलींच्या खेळाच्या गणवेशाचा खालचा भाग पांढरा किंवा फिका असेल तर तो या वर्षीच बदला. पाळीच्या काळात खेळायचं की बसायचं हे मुलीने ठरवावं, आणि ते सांगायला तिला वर्गासमोर उभं राहावं लागू नये. मैदानाजवळ कडी लागणारं, पाणी असणारं स्वच्छतागृह नसेल, तर बाकी सगळे उपाय अपुरे पडतील. आणि मैदानाच्या कडेला उभं राहून शेरे मारणाऱ्या मुलांना तिथून हलवायची जबाबदारी मोठ्यांची आहे, मुलींची नाही.

अपंग मुलांना गुण मोजायला किंवा शिट्टी वाजवायला बसवलं जातं, आणि आपण त्यांना सामावून घेतलं असं समजतो. तसं करू नका. चार गोष्टी बदलून बघा: जागा, काम, साहित्य आणि सोबतचे भिडू. जागा लहान करा, चेंडू मोठा, हलका किंवा आवाज करणारा घ्या, टप्पा पडू द्या, जोडीला कुणी द्या. कधी कधी सगळ्या वर्गालाच त्या मुलाच्या खेळात आणा. बैठ्या व्हॉलीबॉलमध्ये जाळी पुरुषांसाठी १.१५ मीटरवर आणि महिलांसाठी १.०५ मीटरवर असते. साधारण मीटरभर उंचीवर दोरी बांधून सगळ्यांना जमिनीवर बसवलं की खेळ सुरू. ज्याला चालता येत नाही तो हाताच्या जोरावर सरकण्यात इतरांच्या पुढे असतो, हे वर्गाला पाच मिनिटांत कळतं. गोलबॉल हा खेळ १९४६ साली महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी तयार झाला. चेंडूत घुंगरं असतात आणि खेळणारे सगळे डोळ्यांवर पट्टी बांधतात. दिसणाऱ्या मुलांना तो खेळायला दिलात तर ती इतकी शांत होतात की शिक्षकालाच आश्चर्य वाटावं. अपंग मुलाला काय जमेल हे त्यालाच विचारा. पालक आणि शिक्षक बहुतेक वेळा कमीच सांगतात.

पैशाच्या अडचणी उघड दिसत नाहीत. क्लबाची फी कमी असली तरी बूट, येण्या-जाण्याचं भाडं, स्पर्धेचा प्रवास हे सगळं मागाहून येतं, आणि मूल घरी विचारण्याऐवजी यायचंच थांबवतं. फी माफ असली तरी त्यासाठी सगळ्यांसमोर अर्ज करावा लागत असेल, तर स्वाभिमानी पालक तो करत नाहीत. म्हणून बूट-साहित्याची पेढी सगळ्यांसाठी खुली ठेवा: लहान झालेले बूट आणून द्या, मापाचे घेऊन जा, कुणाचं नाव विचारायचं नाही. आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, २००७पासून ६ ते १८ वयाच्या प्रत्येक मुलामागे ठरावीक रक्कम देतात. ती पालकांच्या हातात न येता मूल ज्या क्लबात किंवा छंदवर्गात जातं तिथल्या फीकडे वळते. श्रीमंत-गरीब सगळ्यांना एकच सोय असल्यामुळे मदत घेण्याची लाज उरत नाही. त्या देशात १५-१६ वर्षांच्या मुलांमध्ये गेल्या महिन्याभरात दारूच्या नशेत गेलेल्यांचं प्रमाण १९९८ साली ४२ टक्के होतं, ते २०१६पर्यंत ५ टक्क्यांवर आलं. त्यात रात्री मुलांनी बाहेर राहण्यावरची बंधनं आणि पालकांच्या संघटना यांचाही मोठा हात होता. पण दुपारनंतरच्या रिकाम्या वेळेत मुलांना हवीशी, देखरेखीखालची जागा देणं हा त्या प्रयत्नांचा गाभा होता.

जी मुलं शाळा सुटल्यावर थांबू शकत नाहीत, त्यांच्यासाठी संध्याकाळचा क्लब कितीही चांगला असला तरी नसल्यासारखाच. त्यांचा खेळ शाळेच्या वेळेतच बसवा: मधली सुट्टी, शाळा भरण्याआधीची वीस मिनिटं. मधल्या सुट्टीत साहित्याची खोली उघडी असते का, हे आधी तपासा. कित्येक ठिकाणी चेंडू कुलपात असतात आणि मुलं बाहेर उभी असतात. धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीला त्याला घेऊन यायची परवानगी द्या. कडेला लहानग्यांसाठी एक कोपरा केला तर ती येते. मी अशा मुली वर्षानुवर्षं खेळताना पाहिल्या आहेत.

शाळेचं मैदान संध्याकाळी आणि सुट्टीत वस्तीला खुलं करायचं ठरलं की बैठकीत सगळे माना डोलावतात आणि प्रश्न किल्लीवर येऊन अडतो. किल्ली कुणाकडे राहील? दिवे कोण बंद करेल? स्वच्छतागृह सकाळी मुलं येण्याआधी कोण धुईल? कुणाला लागलं तर जबाबदार कोण? या चार प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहून शाळा आणि क्लब दोघांनी सह्या करा. शिपाईमामांच्या जास्तीच्या तासांचे पैसेही त्याच कागदावर येऊ द्या. त्यांच्या सद्भावनेवर चाललेली सोय त्यांची बदली झाली की बंद पडते.

क्लबाने शाळेच्या भिंतीवर सूचना लावली की वाचतात ती खेळणारीच मुलं. न खेळणाऱ्या मुलाला अनोळखी मैदानाच्या फाटकातून एकट्याने आत जायचं असतं, आणि ते त्याला जमत नाही. म्हणून क्लबाच्या प्रशिक्षकाला आधी शाळेच्या तासाला बोलवा, तीन-चार आठवडे. मुलांना तिचं नाव कळू दे, तिला मुलांची नावं कळू देत. मग क्लबातला पहिला दिवस तुम्ही स्वतः चार-पाच जणांना एकत्र घेऊन जा. मैत्रीण सोबत असणं हे मुलींच्या बाबतीत फीपेक्षाही मोठं कारण ठरतं.

प्रशिक्षक कसा बोलतो यावर मूल पुढच्या वर्षी परत येईल की नाही हे ठरतं, आणि याला पुरावा आहे. रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांसाठी एक छोटं प्रशिक्षण तयार केलं: प्रयत्नाला दाद द्या, चूक झाली की आधी धीर द्या, मग ती सुधारायची कशी ते सांगा, टोमणे आणि शिक्षा टाळा. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीच्या प्रशिक्षकांकडची २६ टक्के मुलं पुढच्या हंगामात आली नाहीत. प्रशिक्षण घेतलेल्यांकडे हे प्रमाण ५ टक्के होतं. दोन्हीकडे सामने जिंकण्या-हरण्यात विशेष फरक नव्हता. २०१५ साली मुलांनाच खेळातल्या मजेच्या ८१ गोष्टींची क्रमवारी लावायला सांगितली, तेव्हा ‘जिंकणं’ ४८व्या क्रमांकावर आलं. वर होत्या त्या मनापासून प्रयत्न करणं, खिलाडूपणा, प्रशिक्षकाने आदराने वागवणं, अशा गोष्टी. तुमच्या स्वयंसेवकांसाठी अशी एक दुपार राखून ठेवा. नव्या शिट्ट्यांपेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.

त्याच दुपारी सुरक्षिततेचे नियमही सांगा आणि त्यात सवलत ठेवू नका: बंद खोलीत एक मोठा माणूस आणि एक मूल असं कधीच नको, प्रवासात दोन मोठी माणसं, मुलांना खासगी संदेश पाठवायचे नाहीत, गटात पाठवायचे आणि त्यात पालक हवेत, तक्रार कुणाकडे करायची ते नाव मैदानावर लावलेलं हवं, आणि ते नाव प्रशिक्षकाचं नको. पालकांचा विश्वास बसला की पहिल्यांदा त्यांच्या मुली येतात.

अभ्यास बुडेल ही भीती पालक नक्की बोलून दाखवतील. वादात शिरू नका. परीक्षेच्या काळात सराव बंद न करता अर्धा करा, मैदानाच्या वेळा आधी कळवा आणि त्या वेळेतच सोडा. सहाला म्हणून साडेसातला सोडणाऱ्या प्रशिक्षकाकडे पालक मूल पाठवत नाहीत, आणि त्यांचं बरोबर असतं.

प्रगती मोजायची कशी, हेही तुम्ही विचारलं आहे. व्यवस्थापनाला पाठवायच्या अहवालात पदकांच्या रकान्याशेजारी चार रकाने वाढवा: या महिन्यात किती वेगवेगळी मुलं खेळली, त्यात मुली किती, पहिल्यांदाच आलेली किती, आणि गेल्या महिन्यात आलेली पण या महिन्यात न आलेली किती. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे. त्यातल्या प्रत्येक नावाशी आठवड्याच्या आत बोला. महिना उलटला की मूल परत येत नाही, कारण तोवर त्याची संध्याकाळ दुसऱ्याच कशाने तरी भरलेली असते.

आणि शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुलं विसरू नका. शाळा सुटली की संघ, मैदान, मित्र सगळं एका दिवसात जातं, आणि चांगले खेळणारेही इथे थांबतात. शेवटचं सत्र सुरू झालं की प्रत्येकाला विचारा, पुढच्या वर्षी कुठे खेळणार? उत्तर नसेल तर त्याच सत्रात त्याचं नाव वस्तीतल्या एखाद्या क्लबात घालून द्या. खेळाडू म्हणून जमत नसेल तर पंच म्हणून, धाकट्यांचा साहाय्यक प्रशिक्षक म्हणून घाला. अशा सोळा-सतरा वर्षांच्या मुला-मुलींना थोडं शिकवलं की ती लहान गटांचे सामने नीट चालवतात, आणि दोनच क्रीडाशिक्षक असलेल्या तुमच्या शाळेला ही मदत पुढच्याच सत्रापासून लागणार आहे.